रिपोर्ट नॉर्मल, तरी त्रास खरा : दीर्घकाळच्या ताणाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात रक्तदाबाविषयी लिहिताना ताणाचा उल्लेख ओझरता झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांत एक वाक्य वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पुन्हा पुन्हा भेटले : "डॉक्टरांनी सगळे तपासले आणि टेन्शन घेऊ नका म्हणाले." आम्हा डॉक्टरांचे हे आवडते वाक्य आहे, आणि त्याचा रुग्णाला काडीचा उपयोग होत नाही. टेन्शन कोणी हौसेने घेत नसते. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : माझे वय ४६. सासूबाईंना स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षे झाली. यजमान दिवसभर दुकानात, नणंद मुंबईला. रात्री दोन-अडीचला दाराची कडी वाजते. उठून पाहावे तर सासूबाई पिशवीत दोन लुगडी भरून उभ्या असतात आणि "माहेरची एसटी सुटेल" म्हणतात. त्यांना परत निजवेपर्यंत माझी झोप उडालेली असते. गेल्या वर्षभरात माझा रक्तदाब १५०/९६ झाला, तीन महिन्यांची साखर ६.२ आली. विळीने कापलेले बोट भरायला महिना लागला. मान-खांदे आखडलेले असतात, गॅसवर दूध ठेवल्याचे विसरते. हे सगळे एकट्या ताणाने होऊ शकते का? कधी कधी मी त्यांच्यावर ओरडते आणि मग स्वतःचीच शरम वाटते, त्याचे काय करावे? — एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, एकट्या ताणाने असे म्हणता येणार नाही, आनुवंशिकता, वजन, जेवणातले मीठ, रजोनिवृत्तीच्या आसपासचे वय या सर्वांचा वाटा त्यात असतो. परंतु आपण सांगितलेल्या प्रत्येक तक्रारीला ताण जोर देऊ शकतो, आणि तो कसा देतो हे बऱ्यापैकी कळलेले आहे.

धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग दोन वाटांनी शरीराला सावध करतो. पहिली वाट चेतातंतूंची आहे. तिच्यामुळे मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन क्षणार्धात रक्तात उतरते, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू ताठ होतात. दुसरी वाट संप्रेरकांची व थोडी सावकाश आहे : हायपोथॅलॅमसकडून पीयूषिका ग्रंथीला आणि तिच्याकडून अधिवृक्क ग्रंथींना निरोप जातो व कॉर्टिसॉल स्रवते. हे कॉर्टिसॉल यकृतातील साखर रक्तात सोडायला लावते, इन्सुलिनचा परिणाम कमी करते आणि दुरुस्तीची जी कामे तातडीची नाहीत ती मागे ठेवते. अंगावर बैल धावून आला तर ही व्यवस्था जीव वाचवते, आणि बैल निघून गेल्यावर कॉर्टिसॉल स्वतःच हायपोथॅलॅमसला थांबण्याचा इशारा देते. आपल्या घरी मात्र धोका टळल्याचे शरीराला कळायला वावच मिळत नाही, कारण दिवसा संपलेले काम रात्री दोनला पुन्हा दार वाजवते. ब्रूस मॅक्युएन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९९३ मध्ये एका सहकाऱ्यासह अशा वारंवारच्या जुळवून घेण्याने शरीरावर साचत जाणाऱ्या झिजेची कल्पना मांडली, आणि आज या विषयाचा पुष्कळसा विचार तिच्या आधाराने होतो.

बोटाच्या जखमेचा उल्लेख आपण सहज केला आहे, पण नेमक्या याच गोष्टीचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या, साधारण त्याच वयाच्या १३ स्त्रिया निवडल्या व प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एक लहानशी जखम केली. ज्यांच्यावर ही जबाबदारी नव्हती त्यांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. शुश्रूषा करणाऱ्यांना त्याहून नऊ दिवस अधिक लागले. हा शोधनिबंध १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यास लहान होता हे खरे, पण ताणाने जखमा उशिरा भरतात हे त्यानंतर इतरांनाही आढळले. आपल्या बाबतीत साखरेचाही भाग असू शकतो. तीन महिन्यांच्या साखरेचा ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानला जातो, तेव्हा ही तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा करून घ्यावी.

रक्तदाबाचा संबंध झोपेशीही आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसाच्या मानाने साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. कॉर्टिसॉलचीही दिवसभराची एक लय असते : पहाटे ते चढू लागते, जाग आल्यावर थोड्या वेळात सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. ज्या वेळी या दोन्ही गोष्टी खाली असायला हव्यात, नेमक्या त्याच वेळी आपण घाबरून उठून दाराकडे धावता. म्हणून मला रक्तदाबाच्या गोळ्यांपेक्षा आपल्या रात्रींची अधिक काळजी वाटते. याचा अर्थ गोळ्या नकोत असा मुळीच नाही. "ताण गेला की बीपी आपोआप उतरेल" या आशेवर लोक वर्षे काढतात, तोवर मूत्रपिंड आणि हृदय वाट पाहत थांबत नाहीत. घरी मोजताना पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, त्याआधी अर्धा तास चहा घेऊ नये, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन नोंदी लिहून ठेवाव्यात. त्यांची सरासरी १३५/८५ किंवा अधिक आली तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे व त्यांनी औषध दिले तर ते सुरू करावे.

दूध विसरण्यामागची आपली भीती आपण लिहिलेली नाही, तरी ती ओळींमधून दिसते. सासूबाईंचा आजार आपल्याकडे रक्ताच्या नात्याने येण्याचा प्रश्न नाही. वर्षभर मोडलेली झोप आणि सतत दुसऱ्या खोलीकडे लागलेला कान असला की समोरच्या गोष्टीची नोंदच मेंदूत नीट होत नाही. जे नोंदलेच गेले नाही ते आठवणार कुठून? तरीसुद्धा थायरॉइड, हिमोग्लोबिन व, विशेषतः शाकाहारी असल्यास, बी-१२ एकदा तपासून घ्यावे. थायरॉइडची किंवा बी-१२ची उणीव ताणाच्या नावाखाली वर्षानुवर्षे दडून राहिलेली मी अनेकदा पाहिली आहे.

आता उपाय. प्राणायाम करा, छंद जोपासा, हे सगळे मी सांगू शकेन, पण जिला आंघोळ निवांत करता येत नाही तिला छंद सांगणे ही थट्टाच होईल. आपल्या आजाराचे पहिले औषध म्हणजे रात्री वाटून घेणे. आठवड्यातल्या किमान तीन रात्री यजमानांनी सासूबाईंच्या खोलीत झोपावे आणि त्या रात्री आपण दार लावून दुसऱ्या खोलीत झोपावे. नणंदेने महिन्यातले काही दिवस येऊन राहावे. ते जमत नसेल तर ब्यूरोकडून रात्रपाळीची मावशी ठेवून तिच्या पगाराचा वाटा उचलावा. हे बोलणे सुनेने काढले की घरात त्याला वेगळा वास येतो, म्हणून हे पान त्यांना वाचायला द्यावे व डॉक्टरांनी लिहिले आहे असे खुशाल सांगावे.

सासूबाईंची एसटी सुटते तेव्हा "तुमचे माहेर आता उरले नाही" असे पटवू नये. त्याने त्यांची घालमेल वाढते. "गाडी सकाळची आहे, तोवर पाणी घ्या" म्हणून हात धरून आत आणावे. दुपारची झोप कमी करणे, संध्याकाळी अंधार पडण्याआधी दिवे लावणे, दिवसा थोडे चालवणे यांनी बऱ्याच जणांच्या रात्री सुधारतात. भ्रम एकाएकी वाढला तर लघवीतील जंतुसंसर्ग तपासावा. अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही १९९२ पासूनची संस्था शुश्रूषा करणाऱ्यांना मार्गदर्शन करते, तिच्याशी संपर्क साधता येईल. ओरडण्याची शरम वाटणे स्वाभाविक आहे. पण चार वर्षे अर्धवट झोपून माणूस ओरडला नाही तर मला अधिक नवल वाटेल. मात्र हात उगारावासा वाटू लागला, किंवा सलग दोन आठवडे कशातच मन लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो थकवा राहिलेला नाही; त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून डोंबिवलीहून दक्षिण मुंबईला खासगी नोकरीसाठी जातो. तीन महिन्यांत चार वेळा लोकलमध्ये छातीत धडधड, हातांना मुंग्या, श्वास अपुरा पडणे, आता मरतो की काय अशी भीती, असे झाले. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, सगळे नॉर्मल. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मला तर पुन्हा एकदा सगळे तपासून घ्यावेसे वाटते. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपली धडधड खरी आहे आणि ती अ‍ॅड्रेनलिनची आहे. आपण वर्णन केलेला प्रकार भीतीच्या झटक्याशी, ज्याला पॅनिक अटॅक म्हणतात त्याच्याशी, बराचसा जुळतो. हा झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि त्यानंतर ओसरू लागतो. मुंग्या येतात त्या भराभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी झाल्यामुळे. त्या वेळी मोठमोठे श्वास घेणे उलट त्रासदायक ठरते. श्वास नाकाने हलका घ्यावा, सोडताना दुप्पट वेळ लावावा आणि मिनिटाला सहाच्या आसपास श्वास होतील असे पाहावे.

तपासण्या एकदा नीट झाल्या, ते योग्यच झाले. त्या पुन्हा पुन्हा करण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण नॉर्मल रिपोर्टचा दिलासा आठवडाभर टिकतो आणि मग मन पुढच्या तपासणीची मागणी करते. थायरॉइड मात्र झाले नसेल तर करावे. चालताना किंवा जिना चढताना छातीवर दाब येणे, तो डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम फुटणे असे काही झाले तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

"मनाचे खेळ" म्हणणाऱ्या घरच्यांसाठी दोन गोष्टी सांगतो. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नोकरीतला ताण कायम असल्याचे सांगणाऱ्यांत पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण तसा ताण नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. झटका येऊन गेल्यावर माणसाला मागचा ताण अधिक आठवतो, एवढी सूट देऊनही हा संबंध दुर्लक्षिण्याजोगा नाही. दुसरा अभ्यास लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा. मायकल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये दहा हजारांवर कर्मचाऱ्यांची पाहणी सुरू झाली. ज्यांना आपल्या कामावर स्वतःचा ताबा कमी होता, म्हणजे काय, केव्हा, कसे करायचे हे दुसराच ठरवत होता, त्यांना हृदयरोग अधिक झाला. साहेबाला टेन्शन जास्त असते हा आपल्याकडचा समज या पाहणीने पार उलटा केला.

म्हणून आपल्या बाबतीत प्रश्न कामाच्या तासांइतकाच त्या तासांवरच्या आपल्या हक्काचा आहे. येण्याची वेळ अर्धा-पाऊण तास पुढेमागे करून घेता येते का, आठवड्यातला एखादा दिवस घरून काम मिळते का, रात्री नऊनंतरच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांना सकाळी उत्तर दिलेले चालेल असे वरिष्ठांकडून एकदा स्पष्ट करून घेता येते का, हे पाहावे. कटिंग चहाची आणि सिगारेटची संख्या आपण लिहिलेली नाही; दोन्ही धडधडीला हातभार लावतात. झटक्याच्या भीतीने लोकलच टाळायला लागलात तर भीती घट्ट होत जाते, तेव्हा तसे होण्याआधी मानसशास्त्रज्ञांकडे विचार व वर्तन बदलण्याच्या उपचारपद्धतीसाठी जावे. या विकारात तिचा चांगला गुण येतो.

प्रश्न : माझा अल्सर ताणामुळेच झाला असे सगळे म्हणतात. नोकरी सोडली तर तो बरा होईल का? — एक वाचक, लातूर

उत्तर : अल्सरसाठी नोकरी सोडू नये. ताण आणि अल्सर ही जोडी हान्स सेल्ये यांच्या १९३६ मधील उंदरांवरील प्रयोगांपासून डॉक्टरांच्या डोक्यात पक्की बसली होती. अतिशय छळ झालेल्या उंदरांच्या जठरात त्यांना व्रण दिसले होते. माणसांमधले बहुतेक व्रण मात्र हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. हा जंतू शोधणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. जंतूची तपासणी करून घ्यावी, आढळल्यास प्रतिजैविकांचा कोर्स मध्येच न सोडता पूर्ण करावा आणि पाठदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या बंद कराव्यात. ताणाने पोटातली जळजळ अधिक जाणवते, तंबाखू व जागरण वाढते, इतपत त्याचा दोष आहे.

प्रश्न : मी २६ वर्षांची असून पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करते. हा तिसरा अटेम्प्ट. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत असते. दोन महिने पाळी आली नाही, विंचरताना केसांचा गुंता हातात येतो, झोप लागत नाही म्हणून रूममेट देते ती झोपेची अर्धी गोळी घेते. अश्वगंधाही सुरू केली आहे. चालेल ना? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : गोळीचे आधी. मैत्रिणीच्या पाकिटावर अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम असे नाव असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्याची परवानगी नाही, आणि त्याला कारण आहे : काही आठवड्यांत तिची सवय लागते, आणि वाचलेले लक्षात राहण्याची क्षमता तिने मंदावते. परीक्षेसाठी याहून वाईट सौदा सापडणे कठीण. रोज घेत असल्यास एकदम बंद करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवावी. अश्वगंधा वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी असे समजू नये. तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि थायरॉइडवरही तिचा परिणाम होऊ शकतो.

दीर्घ ताण, अपुरा आहार आणि घटलेले वजन यांमुळे हायपोथॅलॅमसकडून बीजकोशांकडे जाणारे संकेत मंदावतात व पाळी थांबते. तथापि गर्भधारणेची शक्यता, थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक व पीसीओएस हा बीजकोशांशी संबंधित विकार यांचा विचार स्त्रीरोगतज्ज्ञांनी आधी करायला हवा. केसांचे म्हणाल तर मोठ्या ताणानंतर, तापानंतर किंवा एकाएकी वजन उतरल्यावर केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, त्यामुळे आज गळणाऱ्या केसांचे कारण बहुधा गेल्या प्रिलिमच्या आसपासचे असेल. कारण दूर झाले की ते बहुतेक वेळा परत येतात. महागड्या तेलाऐवजी फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, तपासण्यावर पैसे खर्च करावेत आणि मेसच्या डब्यात डाळ-उसळ, अंडी किंवा दही यांची भर घालावी. सोळा तासांपैकी शेवटचे दोन तास सोडून द्यावेत. वाचलेले पक्के होते ते झोपेत, आणि झोप मोडून केलेला अभ्यास कटऑफच्या दिवशी हाती लागत नाही. चौथा अटेम्प्ट द्यायचा की नाही, हेही निकालाच्या रात्री न ठरवता आत्ताच, घरच्यांशी बोलून ठरवून ठेवावे.

प्रश्न : माझे वडील यवतमाळ जिल्ह्यात कापूस-सोयाबीन करतात. दोन हंगाम पाण्यात गेले, बँकेचे आणि सावकाराचे कर्ज आहे. दोन महिन्यांपासून ते बोलत नाहीत, जेवण अर्ध्यावर सोडतात, पहाटे तीनलाच उठून ओट्यावर बसतात. अंग दुखते म्हणतात; गावातल्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शने दिली. कर्ज फिटल्याशिवाय हे कसे बरे होणार? — एक मुलगा, सध्या नागपूर

उत्तर : पहाटे लवकर जाग येणे, भूक जाणे, अबोला, अंगदुखी आणि हे सारे दोन आठवड्यांहून अधिक टिकणे, हे चित्र नैराश्याच्या आजाराचे आहे. आपल्याकडची पुरुषमंडळी "मन उदास आहे" असे म्हणत नाहीत, "अंगात कस नाही" म्हणतात, आणि मग ताकदीच्या इंजेक्शनांत महिने जातात. दीर्घ ताण हा या आजाराचे एक मोठे कारण असतो, पण एकदा आजार जडला की तो केवळ ताण कमी होण्याची वाट पाहून बरा होईलच असे नाही.

आपण या आठवड्यात गावी जावे. वडिलांना एकांतात सरळ विचारावे : "बाबा, जीव नकोसा वाटतो का? काही करून घ्यावेसे वाटते का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात घुसतो ही भीती निराधार आहे, बहुतेकांना कोणीतरी विचारले याने हलके वाटते. उत्तर काहीही येवो, फवारणीची औषधे घरातून व शेतातल्या कोठीतून हलवून दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत. टोकाचा विचार पुष्कळदा काही तासांचा असतो आणि त्या तासांत हाताशी काय आहे यावर फार काही अवलंबून असते. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर तिथल्या आत्महत्या मोठ्या प्रमाणात घटल्या, त्यामागे हेच कारण होते. वडिलांनी होकार दिला तर त्यांना क्षणभरही एकटे सोडू नये व त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यावे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी होते आणि औषधे मिळतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक विनाशुल्क असून तिथे मराठीतून बोलता येते. नैराश्यावरची औषधे झोपेच्या गोळ्यांसारखी व्यसन लावणारी नसतात. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटले म्हणून ती मनाने बंद करायची नसतात. सुरुवातीच्या त्या आठवड्यांत घरातले कोणीतरी सतत सोबत असावे.

कर्ज औषधाने फिटणार नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु नैराश्यातला माणूस मोकळे असलेले मार्गही बंद समजतो, सातबारा आणि पासबुक घेऊन बँकेत जाण्याइतके बळही त्याच्यात उरत नाही, आणि व्याज तर रोज चढत असते. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागात पीककर्जाचे पुनर्गठन करून मिळू शकते. पीकविम्याचा दावा राहिला असेल तर त्याचीही चौकशी करावी. या कामांना आपण स्वतः वडिलांबरोबर जावे, सावकाराचे कागद वेगळे काढून तालुक्याच्या सहायक निबंधक कार्यालयात दाखवावेत, कारण परवान्याविना केलेल्या सावकारीविरुद्ध महाराष्ट्रात २०१४ पासून स्वतंत्र कायदा आहे. मात्र क्रम आधी जिल्हा रुग्णालय आणि मग बँक असाच ठेवावा.